नवे जाते आणि नवे एंजिन

दसऱ्याच्या सुमारास आम्ही जेऊरला एका शिक्षकमित्राच्या घरी गेलो होतो. पुणे-सोलापूर लोहमार्गावरचे, करमाळा तालुक्यातले हे गाव. उजनी धरणाच्या पाण्यावर या पट्ट्यात ऊस वाढला आणि उसाबरोबर ट्रॅक्टरही. मित्राच्या अंगणात कर्ज काढून घेतलेला कोरा ट्रॅक्टर उभा होता आणि त्यावरून घरात दोन तट पडले होते.

वडील म्हणत होते, "दोन दिवस नुसता चालू ठेवा. एंजिन मोकळं होऊ द्या, मग कामाला लावा." धाकट्या भावाला ते पटत नव्हते. "तात्या, नुसता चालू ठेवून हप्ता फिटतो का? कारखाना सुरू झाला की पहिल्या दिवसापासून उसाच्या दोन ट्रॉल्या लावायच्या."

या वादामागे जुना अनुभव होता. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या आधीच्या ट्रॅक्टरच्या एंजिनाचे काम काढले होते. नवे लायनर, नवे पिस्टन, नव्या रिंगा घातल्या. तात्यांच्या सांगण्यावरून तो दोन दिवस अंगणात नुसता चालवला. पुढेही बरेच दिवस हलकीच कामे दिली. हंगाम संपायच्या आत एंजिन तेल पिऊ लागले, निळसर धूर सोडू लागले. ते पुन्हा उघडावे लागले. दोष मिस्त्रीच्या माथी गेला आणि त्याच्याशी बोलणे तुटले. "या वेळी चूक परवडणार नाही," मित्र म्हणाला. "नक्की खरं काय?"

दोघांचेही अर्धेच बरोबर होते. का, ते पाहू.

गुळगुळीत म्हणजे किती?

सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर बोट फिरवले तर ती गुळगुळीत लागते. सूक्ष्मदर्शकाखाली तीच भिंत नांगरलेल्या शेतासारखी दिसते. लायनर तयार करताना शेवटी त्यावर घासदगडांनी मुद्दाम तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या रेघा पाडतात. याला होनिंग म्हणतात. या चरांची खोली काही मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे काही हजारांश इतकीच असते. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून कल्पना येईल. चरांत तेल टिकून राहते. पण चर आले म्हणजे मधले उंचवटेही आलेच. रिंगेच्या कडेवरही असेच सूक्ष्म उंचवटे असतात.

असे दोन पृष्ठभाग एकमेकांना सगळीकडे टेकत नाहीत. उंचवट्यांची टोके तेवढी टेकतात. केंब्रिजच्या बाउडन आणि टेबर यांनी १९३९ साली दाखवून दिले की, धातूंचे प्रत्यक्ष टेकणारे क्षेत्रफळ दिसणाऱ्या क्षेत्रफळाचा अगदी लहान अंश असते. सगळा भार त्या मोजक्या टोकांवर येतो. घासता घासता टोके झिजतात, दबतात आणि टेकणारे क्षेत्रफळ वाढते. तोच भार आता जास्त जागेवर वाटला जातो, दाब उतरतो आणि तेलाचा थर दोन्ही धातूंना वेगळे ठेवू शकतो. म्हणजे सुरुवातीची झीजच पुढची झीज आटोक्यात आणते. एंजिन 'बसले' असे मिस्त्री म्हणतो ते हेच. कारखान्यातले शेवटचे काम एंजिन आपले आपण पुरे करते.

ते किती असते? पिस्टनची, म्हणजे दट्ट्याची धाव ११० मिलिमीटर आणि एंजिनाच्या फेऱ्या मिनिटाला १५०० धरू. प्रत्येक फेरीत पिस्टन एकदा वर आणि एकदा खाली जातो, म्हणजे मिनिटाला ३३० मीटर आणि तासाला सुमारे २० किलोमीटर. ट्रॅक्टरच्या बाबतीत पहिले ५० तास महत्त्वाचे मानतात. तेवढ्या वेळात रिंग भिंतीवर जवळजवळ १००० किलोमीटर घासली जाते!

भार कशाला हवा?

रिंग एका जागी कापलेली असते. ती स्वतःच्या ताणाने भिंतीला टेकते, पण तो जोर थोडा. खरा जोर वायूचा. ज्वलनाचा वायू रिंगेच्या मागच्या फटीत शिरतो आणि तिला भिंतीवर दाबतो. भार जितका जास्त, तितके डिझेल जास्त जळते आणि हा दाबही वाढतो.

नुसत्या चालू ठेवलेल्या एंजिनात हा दाब कमी पडतो. उंचवटे नीट घासले जात नाहीत. रिंगेच्या बाजूने वायू खाली निसटतो, तेल वर चढते. भिंतीवरचे तेल तापून रोगणासारखे कडक आणि चकचकीत होते, चर बुजतात. मग भार दिला तरी रिंगा बसत नाहीत. जुन्या ट्रॅक्टरचे बहुधा हेच झाले असावे. मिस्त्रीचे काम चोख असूनही असे होऊ शकते.

धाकट्या भावाची घाईही धोक्याचीच. पहिल्याच दिवशी पूर्ण भार दिला तर टोकांवर इतकी उष्णता निर्माण होते की तेलाचा थर तुटतो. टोके क्षणभर एकमेकांना सांधली जातात आणि ओरबाडून निघतात. हे ओरखडे पुन्हा भरून येत नाहीत.

म्हणून मधला मार्ग: एंजिन आधी गरम होऊ द्यावे, मध्यम भार द्यावा, वेग बदलता ठेवावा, फार वेळ नुसते चालू ठेवू नये आणि पूर्ण जोर लावू नये.

पहिले पीठ

हे बोलणे चालू असताना मित्राच्या आई म्हणाल्या, "जात्याला टाकी लावून आणलं की पहिलं पीठ कुणी खातं का? आधी कोंडा भरडायचा आणि टाकून द्यायचा." दाखला अचूक होता. टाकी लावल्यावर दगडाची कच पिठात येते, तशीच नव्या एंजिनात झिजलेल्या धातूची कच तेलात येते. त्यातली मोठी कच गाळणीत अडकते, बारीक कण तेलाबरोबर फिरत राहतात आणि सँडपेपरसारखे काम करतात. मग थांबायला हवी ती झीज थांबत नाही. म्हणून ट्रॅक्टरचे पहिले तेल लवकर, पुस्तिकेत सांगितलेल्या वेळी बदलायचे असते.

आजच्या मोटारींत उंचवट्यांची टोके बहुधा कारखान्यातच कापून सपाट केलेली असतात, तेलेही सुधारली आहेत. तरीही बहुतेक पुस्तिकांत पहिल्या १००० किलोमीटरच्या आसपास पूर्ण जोर टाळायला आणि सतत एकाच वेगाने न चालवायला सांगितलेले असते. पहिले तेल केव्हा बदलायचे ते मात्र एंजिनागणिक वेगळे असते. तेथे ऐकीव नियमापेक्षा पुस्तिकेवर विसंबावे.

वर्गात करून पाहा

विटेचे दोन तुकडे घ्या. एकाच्या सपाट बाजूवर रंगीत खडूची पूड चोळा आणि ती बाजू दुसऱ्यावर हलके टेकवा. रंग थोड्याच ठिपक्यांत उमटेल. ते ठिपके पारदर्शक कागदावर उतरवा आणि खाली आलेख कागद धरून चौकोन मोजा. आता तुकडे एकमेकांवर ५० वेळा घासा, पूड झटका आणि पुन्हा रंग लावून मोजा. हेच आणखी दोनतीनदा करा. चौकोन कसे वाढतात आणि ती वाढ पुढे मंदावते का, हे विद्यार्थ्यांनाच आलेखातून शोधू द्या.

जेऊरला शेवटी मधला मार्ग ठरला. आधी हलकी नांगरट, मग अर्धी भरलेली एक ट्रॉली. ५० तासांनी तेल बदलले तेव्हा तात्यांनी जुन्या तेलाचा थेंब तळहातावर घेऊन उन्हात धरला. बारीक चमक दिसत होती, असे मित्राने कळवले. त्याचे विद्यार्थी आता दर शनिवारी त्या ट्रॅक्टरच्या तेलाची पातळी वहीत लिहितात. पहिल्या तीन महिन्यांत ती जवळपास जागेवर राहिली. आणि मिस्त्रीकडे जाऊन तात्या स्वतः बोलून आले.