दोन मैदानांची जोन

अमेरिकेत बेसबॉलच्या टेड विल्यम्सचं नाव आपल्याकडे ब्रॅडमनचं घेतात तशा अदबीनं घेतलं जातं. साठच्या दशकाच्या सुरुवातीला, कनेक्टिकट राज्यातल्या वॉटरबरी गावी, एका प्रदर्शनी सामन्यात हा टेड बॅट घेऊन उभा राहिला. समोर चेंडू टाकायला त्याच गावची विशीतली मुलगी, जोन जॉइस. चेंडू येत राहिले आणि या दिग्गजाची बॅट बहुतेक वेळा नुसती हवेत फिरली.

तो खेळ सॉफ्टबॉल. यात चेंडू बेसबॉलपेक्षा मोठा असतो आणि तो हात खालून आणून टाकतात. मुलींच्या खेळात तेव्हा चेंडू टाकणारी आणि फलंदाज यांच्यात जेमतेम 40 फुटांचं अंतर असे. एवढ्या जवळून आलेला वेगवान चेंडू ओळखायला डोळ्यांना सवडच मिळत नाही.

पण जोनची ओळख एवढीच नव्हती. हिवाळ्यात ती बास्केटबॉल खेळे. 1964 च्या राष्ट्रीय स्पर्धेत एका सामन्यात तिनं एकटीनं 67 गुण केले. त्याच सुमारास ती कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज शहरात, चॅपमन कॉलेजात शिकत होती आणि तिथल्या ‘लायोनेट्स’ संघाकडून सॉफ्टबॉल खेळत होती. 1965 चं राष्ट्रीय विजेतेपद या संघानं जिंकलं. बास्केटबॉल थंडीत, सॉफ्टबॉल उन्हाळ्यात. त्यामुळे एकाला दुसऱ्याची आडकाठी झाली नाही. बास्केटबॉलनं पायात बळ आणि छातीत दम दिला, तो उन्हाळ्यात चेंडू टाकताना कामी आला.

एवढं हुनर असूनही तिच्या वाट्याला काय आलं? खेळासाठी मुलींना शिष्यवृत्ती देण्याची रीत अमेरिकी कॉलेजांत तेव्हा जवळजवळ नव्हतीच. तिची उमेदीची बरीच वर्षं ‘ब्रेकेट्स’ या संघात गेली. हा संघ गाड्यांचे ब्रेक बनवणाऱ्या एका कारखान्याचा होता. शिक्षणात मुलामुलींत भेद करू नये, हा कायदा 1972 मध्ये झाला, तेव्हा तिची तिशी उलटली होती. महिलांचं बास्केटबॉल ऑलिंपिकमध्ये आलं 1976 ला, जोन पस्तीस वर्षांची असताना. सॉफ्टबॉल आलं 1996 ला. तेव्हा ती पंचावन्नची होती.

तरी ती थांबली नाही. चौतिसावं वर्ष चालू असताना, 1974 मध्ये तिच्या संघानं अमेरिकेला सॉफ्टबॉलचं पहिलं जागतिक विजेतेपद मिळवून दिलं. पुढे ती व्यावसायिक गोल्फही खेळली. मग 1995 पासून फ्लोरिडा अटलांटिक विद्यापीठात तिनं मुलींना सॉफ्टबॉल शिकवलं. मार्च 2022 मध्ये, वयाच्या 81 व्या वर्षी ती गेली, तोवर प्रशिक्षक हेच तिचं काम होतं. त्याच महिन्यात तिच्या खात्यावर एक हजारावा विजय जमा झाला होता.

ज्या शिष्यवृत्तीवर मुली तिच्याकडे खेळायला येत, ती तिला स्वतःला कधीच मिळाली नव्हती. मेहनत आणि सबुरी तिची स्वतःची होती. मैदान, संघ आणि संधी मात्र दुसऱ्यांनी द्यायची असते, आणि तीच उशिरा आली. घरात एखादी मुलगी दोन-दोन खेळांत रमत असेल, तर ‘आता एक काहीतरी सोड’ म्हणण्याआधी आपण तिला काय दिलं, एवढं एकदा मोजून पाहावं.