लॅव्हेंडर उगवतं तिथवर

लॅव्हेंडर आणि थाइम ही दोन्ही झुडपं ज्या रानात शेजारी शेजारी वाढतात, तेवढ्याच रानातल्या द्राक्षांच्या वाइनला आपल्या गावाचं नाव लावायचं. दक्षिण फ्रान्समधल्या शातोनफ-दु-पापच्या द्राक्षबागायतदारांनी 1923 साली आपली शीव ठरवली ती अशी. ही झुडपं तग धरतात ती हलक्या, कोरड्या, दगडाळ जमिनीत. धान्याला तिचा उपयोग नाही आणि गुरांनाही तिथे पोटभर चारा मिळायचा नाही. नदीलगतची कसदार, ओलाव्याची पट्टी हद्दीबाहेर राहिली. चांगली जमीन सोडून हलकी जमीन अभिमानाने आपली म्हणणारी ही माणसं मला फार मोठी वाटतात. त्यांची लाल वाइन समजून घ्यायची, तर आधी ही शीव समजून घ्यायला हवी.

रोन नदीच्या डाव्या अंगाला, आव्हिन्याँ आणि ओरांज या शहरांच्या मध्ये हे गाव आहे. नावाचा अर्थ ‘पोपची नवी गढी’. 1309 मध्ये पोपची गादी आव्हिन्याँला आली आणि पुढची जवळजवळ सत्तर वर्षं तिथेच राहिली. त्यांतले दुसरे पोप, बाविसावे जॉन, यांनी या टेकडीवर गढी उभारली. आज तिच्या भिंतीचा एक उंच तुकडा तेवढा उभा आहे. 1944 च्या ऑगस्टमध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने बुरूज सुरुंगाने उडवला, त्यातून वाचलेला. बाटलीच्या काचेवर पोपचा मुकुट आणि किल्ल्या उठावाने घडवलेल्या असतात, ती खूण 1937 पासूनची. पण आज आपण पितो ती वाइन पोपांच्या काळातली नव्हे. गावाचं नावसुद्धा 1893 पर्यंत शातोनफ-काल्सेर्निए होतं, चुन्याच्या भट्ट्यांवरून पडलेलं. आजची वाइन घडली ती एका किडीच्या धक्क्यातून आणि एका वकिलाच्या हट्टातून.

कीड म्हणजे फिलॉक्झेरा. अमेरिकेतून आणलेल्या वेलींबरोबर ती 1860 च्या दशकात नदीपलीकडच्या रोकमोर गावाजवळ उतरली आणि द्राक्षवेलींच्या मुळांतला रस शोषत फ्रान्सभर पसरली. 1868 मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ झ्यूल-एमिल प्लांशाँ यांनी मुळांवरची ही बारीक पिवळी कीड शोधून काढली, पण तोवर शातोनफच्या बागा माना टाकू लागल्या होत्या. उपाय सापडला तोही अमेरिकेतच: तिथल्या वेलीची मुळं या किडीला दाद देत नाहीत, म्हणून तिचा खुंट घ्यायचा आणि वर आपल्या जातीचं कलम बांधायचं. नाशिक-सांगलीच्या बागायतदाराला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. तो आपली द्राक्षं ज्या डॉगरीज खुंटावर बांधतो, तो खुंटही मूळचा अमेरिकेचाच.

बागा नव्याने लावायच्याच आहेत, तर कोणत्या जाती लावायच्या, हा प्रश्न तेव्हा प्रत्येकापुढे आला. गावातल्या ला नेर्त या जुन्या बागेचे मालक कमांडंट द्यूको यांनी त्यावर जो विचार केला, तो या वाइनचा पाया ठरला. त्यांनी जातींची कामं वाटून दिली. ऊब आणि गोलाई ग्रनाश आणि सँसोने द्यायची. मूर्वेद्र, सिरा, म्युस्कार्दँ आणि व्हाकारेझ यांच्याकडे रंग, अंगबळ आणि टिकाऊपणा. ताजेपणा आणि गंध कुन्वाझ आणि पिकपूलचा. क्लेरेत, बुर्बुलाँक या पांढऱ्या जातींकडे नजाकत. लाल वाइनमध्ये पांढरी द्राक्षं? हो, शातोनफमध्ये ती चालतात, आणि ती का हवीत हे द्यूकोंच्या वाटणीवरून कळतं. आपल्या गोड्या मसाल्यातलं दगडफूल नुसतं तोंडात टाकलं तर काहीच नाही, मातकट लागतं. मसाल्यातून ते काढून टाकलं की मात्र आमटीत काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. म्युस्कार्दँ किंवा व्हाकारेझ या त्या गोत्रातल्या. त्यांची स्वतंत्र वाइन कुणी मागत नाही.

तेरे, रुसान आणि पिकार्दाँ धरून मान्य जातींची संख्या पुढे तेरावर गेली. 2009 च्या नियमांत एकाच जातीचे रंगभेद वेगळे मोजून ती अठरा झाली, पण लोकांच्या तोंडी अजून तेराच आहेत. कोणती जात किती घालायची, यावर बंधन नाही. प्रत्यक्षात सुमारे तीन चतुर्थांश लागवड एकट्या ग्रनाशची आहे. बोकास्तेल या बागेचं पेरँ कुटुंब तेराही जाती जपतं. रायास ही बाग वाळूतल्या निव्वळ ग्रनाशची लाल वाइन करते. दोन्हींवर नाव एकच आणि दोन्हींचा लौकिक जगभर.

आता वकील. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथली बरीचशी वाइन पिंपांतून बर्गंडीला जाई आणि तिकडच्या फिकट वाइनला अंगबळ देण्यासाठी मिसळली जाई. तिला ‘औषधी वाइन’ म्हणत. दुसऱ्या बाजूला भलत्याच ठिकाणची वाइन शातोनफच्या नावाने विकली जाई. शेतकरी मदतीसाठी पिएर ल र्‍वा द ब्वाझोमारिए यांच्याकडे गेले. ते कायदा शिकलेले, पहिल्या महायुद्धातले वैमानिक आणि गावातल्या फोर्तिया बागेचे जावई. तुमची बाजू मांडतो, पण आधी तुम्ही स्वतः शिस्त आणि सचोटी दाखवायला हवी, ही त्यांची अट. ती मान्य झाली आणि नियम झाले. शीव लॅव्हेंडरची. जाती ठरलेल्या. अल्कोहोल किमान साडेबारा टक्के, तोही द्राक्षाच्या स्वतःच्या साखरेतून. तोडणी हातानेच. आणि सर्वांत कडक नियम असा, की तोडलेल्या द्राक्षांपैकी किमान पाच टक्के माल निवडून बाजूला काढायचाच. त्याची शातोनफ होणार नाही. अगदी उत्तम हंगामातही. गारपीट-अवकाळीत एकेक घड वाचवताना शेतकऱ्याच्या जिवाचं काय होतं हे ज्याने पाहिलंय, त्याला या पाच टक्क्यांचं वजन कळेल.

1933 मध्ये फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने ही शीव मान्य केली. 15 मे 1936 रोजी देशातल्या पहिल्या काही संरक्षित नावांत शातोनफचं नाव आलं. ल र्‍वा पुढे वीस वर्षं अशा नावांचा कारभार पाहणाऱ्या राष्ट्रीय संस्थेचे अध्यक्ष होते. पिकाचं नाव हे जमिनीचं आणि ती कसणाऱ्या सगळ्यांचं सामाईक धन आहे, हा विचार पुढे देशोदेशी गेला. आपला भौगोलिक मानांकनाचा 1999 चा कायदा त्याच वंशातला. पैठणी, हापूस आणि नाशिक व्हॅली वाइन त्याच्याच छत्राखाली आल्या. आपल्याकडे मानांकन मिळालं की हारतुरे होतात, पण स्वतःला कोणती बंधनं घालून घेतली हे फारसं कुणी विचारत नाही. शातोनफमध्ये बंधनं आधी आली, नाव मागून आलं.

जमिनीबद्दल सांगायचं तर पहिल्यांदा गोटे. काही बागांत मातीच दिसत नाही. मुठीएवढे, नारळाएवढे गुळगुळीत तांबूस गोटे वेलीच्या बुंध्यापर्यंत पसरलेले. ही आल्प्समधून रोनने वाहून आणलेली क्वार्टझाइटची गारगोटी. दिवसभर तापते, रात्री ती ऊब वेलीला परत देते आणि खालची ओल उडू देत नाही. मात्र सगळं शातोनफ गोट्यांचं नाही. वाळू आहे, चुनखडी आहे, तांबडी चिकणमाती आहे. वाळूतली ग्रनाश नाजूक आणि सुगंधी होते, गोट्यांवरची दणकट. म्हणून एकाच बागायतदाराचे तुकडे गावाच्या चार दिशांना असतात आणि मिश्रण जातींबरोबरच जमिनींचंही होतं.

वारा मिस्त्रालचा. उत्तरेकडून, रोनच्या खोऱ्यातून घोंघावत येणारा, थंड आणि कोरडा. तो माणसाला हैराण करतो, पण घड कोरडे ठेवतो. केवडा आणि घडकुजीची धास्ती त्यामुळे कमी. ग्रनाशची वेल इथे मांडवावर चढवत नाहीत. छाटून छाटून तिचं बुटकं झुडूप करतात, म्हणजे वाऱ्याला ती मोडता येत नाही. पन्नास-साठ वर्षांच्या वेली इथे सर्रास भेटतात, काहींनी शंभरी ओलांडलेली. वेल म्हातारी झाली की घड कमी धरते, पण रस दाट देते. हेक्टरी 35 हेक्टोलिटर ही उत्पादनाची मर्यादा अशा वेलींना जाचत नाही.

तळघरातलं कामही जातीचा स्वभाव ओळखून चालतं. ग्रनाशला हवा सोसत नाही, तिचा रंग आणि गंध लवकर उतरतो; म्हणून तिला सिमेंटच्या टाक्यांत किंवा जुन्या ओक लाकडाच्या प्रचंड पिंपांत ठेवतात. मूर्वेद्रचं उलट, तिला थोडी हवा लागतेच. दोघी एकत्र आल्या की एकमेकींना सांभाळतात. काही वर्षांनी बाटली उघडावी तर पिकलेल्या स्ट्रॉबेरीचा, कातड्याचा, मिऱ्याचा आणि उन्हात वाळलेल्या रानझुडपांचा वास येतो.

हद्दीवरून या गावाने आकाशाशीही बोलणं केलं आहे. 1954 मध्ये फ्रान्सभर उडत्या तबकड्यांची चर्चा होती, तेव्हा महापौर ल्युसियाँ झन यांनी गावाच्या हद्दीत त्यांनी उडू-उतरू नये असा हुकूम काढला. तीस वर्षांनी कॅलिफोर्नियातल्या रँडल ग्रॅम यांनी शातोनफच्या धर्तीवर केलेल्या आपल्या वाइनचं नाव त्याच हुकमावरून ठेवलं.

उन्हाचं बोलणं मात्र जास्त जिव्हारी लागणारं आहे. उन्हाळे तापू लागले तशी तोडणी अलीकडे येत चालली आणि ग्रनाशमध्ये साखर इतकी भरू लागली की चौदा-पंधरा टक्के अल्कोहोल हे नेहमीचं झालं. गोलाई राहते, पण ताजेपणा सुटतो. अशा वेळी बागायतदारांची नजर यादीतल्या विसरलेल्या नावांकडे वळते आहे. उशिरा पिकणारी, हलकी, आंबटपणा धरून ठेवणारी कुन्वाझ. कमी अल्कोहोलची म्युस्कार्दँ. अनेक दशकं त्यांची लागवड नगण्य होती, ती नावं काढून टाकली असती तर कुणाचं काही अडलं नसतं. कुणी काढली नाहीत. नियमाप्रमाणे शातोनफच्या वाइनला यादीबाहेरची जात चालत नाही, आणि कुन्वाझ यादीत आहे.