पेशीची ऐपत

बँकेत असताना कर्जाचा अर्ज समोर आला की, ‘हे काम या माणसाला झेपेल का?’ हा प्रश्न मी आधी विचारी. तारण नंतर. निवृत्तीनंतर औषधनिर्मितीची पुस्तके चाळू लागलो तेव्हा कळले की, शास्त्रज्ञही पेशीला हाच प्रश्न विचारतात. एखादे प्रथिन परक्या पेशीकडून घडवून घ्यायचे, तर त्याचे जनुक तिच्यात घालावे लागते. पण आराखडा हाती दिला म्हणजे घर बांधून होते असे थोडेच आहे!

ई. कोलाय हा जिवाणू मोठा कामसू. खाणे स्वस्त, आणि मनासारखे मिळाले तर वीस मिनिटांत एकाचे दोन. परंतु प्रथिनाची नीट घडी घालणे, त्यावर साखरेच्या साखळ्या चढवणे ही नाजूक कामे त्याला सहसा जमत नाहीत. चिनी हॅमस्टरच्या अंडाशयापासून वाढवलेल्या पेशींना ती जमतात. स्तनाच्या कर्करोगावरचे ट्रास्टुझुमॅब त्यांच्याकडूनच करून घेतात. मात्र त्यांना दुप्पट व्हायला जवळजवळ दिवस लागतो, आणि लाड तर विचारू नका. या दोघांच्या मध्ये यीस्ट. मळीपासून मद्यार्क करणारी ही जमात आम्हा उसाच्या जिल्ह्याला नवी नाही.

बीडमध्ये या विषयाला एक दुखरी बाजू आहे. ऊसतोड बायकांच्या पिशवी काढण्याच्या शस्त्रक्रियांची २०१९ मध्ये सरकारी समितीने चौकशी केली. कॅन्सरच्या भीतीपोटी कित्येकींनी ऐन तारुण्यात गर्भाशय गमावले. रोग मात्र खोटा नाही. शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास झाला. तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. एचपीव्ही विषाणूची एकच चाचणी झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू, तपासणी न झालेल्या गटाच्या मानाने, निम्म्यावर आले होते.

या विषाणूवरची लस म्हणजे त्याच्या कवचाचे एल-१ हे प्रथिन. त्याचे रेणू आपोआप जुळून पोकळ गोळे होतात; आत विषाणूचे जनुक नाही, म्हणून रोग होण्याची भीती नाही. गंमत अशी की, हेच काम गार्डासिलने पावाच्या यीस्टकडून करून घेतले, सर्व्हारिक्सने कीटकाच्या पेशींकडून, चिनी सेकोलिनने चक्क ई. कोलायकडून. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने हॅन्सेन्युला पॉलिमॉर्फा हे यीस्ट पत्करले. हेपॅटायटिस-बीच्या लशीमुळे ते त्यांच्या हाताखालचे होते. जुना, व्यवहार चोख असलेला खातेदार मीही पुढे काढला असता! ही सर्व्हाव्हॅक जानेवारी २०२३ मध्ये बाजारात आली.

आता प्रश्न पेशीचा उरलेला नाही, वेळापत्रकाचा आहे. नऊ ते चौदा वर्षांच्या मुलीला दोन मात्रा लागतात, सहा महिन्यांच्या अंतराने. आमच्या टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात आणि पाडव्याच्या आसपास परततात. पहिली मात्रा दसऱ्याआधी गावातच दिली, तर दुसरी पाडव्यानंतर त्याच केंद्रात देता येते. आरोग्य खात्याने मुकादमाची तारीख तेवढी विचारून ठेवावी.