ताळेबंद समाजाचा

व्यापारी कुटुंबात हिशेब हा संस्काराचाच भाग मानला जातो. दिवसाची जमा-नावे त्याच दिवशी रोजमेळात उतरावी आणि शिल्लक जुळल्याखेरीज पेढी बंद करू नये, ही शिस्त पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. परंतु आपण दिलेल्या दानाने समाजात नेमके काय बदलले, याचा ताळेबंद क्वचितच मांडला जातो. विद्यापीठात सामाजिक धोरण आणि त्यासाठी लागणाऱ्या संख्यात्मक संशोधनपद्धती यांचे अध्ययन करणारा विद्यार्थी हाच ताळेबंद मांडावयास शिकतो.

या अध्ययनाचा पहिला धडा नमुना निवडण्याचा. शितावरून भाताची परीक्षा होते खरी, पण भात सर्वत्र सारखा शिजला असेल तरच. समाज तसा एकसारखा नसतो. शहर आणि खेडे, पेढीचा मालक आणि पेढीवरचा दिवाणजी, स्त्री आणि पुरुष यांची परिस्थिती भिन्न असते. म्हणून आधी समाजाचे असे थर पाडावयाचे आणि मग प्रत्येक थरातून, चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे, कुटुंबे निवडावयाची. असे केले म्हणजे काही हजार कुटुंबांच्या उत्तरांवरून कोट्यवधींची स्थिती अजमावता येते, आणि त्या अंदाजात चूक किती संभवते हेही सांगता येते.

दुसरा धडा तुलनेचा. समजा, एखाद्या न्यासाने शंभर विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती दिली आणि त्यांतील नव्वद उत्तीर्ण झाले. दान फळाला आले असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु मुळातच हुशार मुले निवडली असतील, तर त्यांतील बहुतेक शिष्यवृत्तीविनाही उत्तीर्ण झाली असती. तशाच गुणवत्तेच्या आणि परिस्थितीच्या, पण मदत न मिळालेल्या मुलांचा निकाल शेजारी ठेवला, तरच दानाचे खरे फळ कळते.

ही दृष्टी जैन परंपरेला परकी नाही. भारतीय सांख्यिकी संस्थेची 1931 मध्ये कोलकात्यात स्थापना करणारे आणि 1950 मध्ये राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाचा पाया घालणारे प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी 1954 साली प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात स्याद्वाद आणि संभाव्यतेची आधुनिक कल्पना यांतील जवळचे नाते दाखविले. थोर जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनीही 1957 मध्ये स्याद्वादावर स्वतंत्र लेख लिहिला. कोणतेही विधान विशिष्ट अपेक्षेनेच सत्य असते, असे स्याद्वाद सांगतो. कोणताही अंदाज विशिष्ट मर्यादेतच ग्राह्य असतो, असे सांख्यिकी सांगते.

आता हीच दृष्टी स्वतःच्या समाजाकडे वळवावी. 2011 च्या जनगणनेनुसार भारतात जैनांची संख्या 44,51,753 असून त्यांपैकी सुमारे 14 लाख महाराष्ट्रात आहेत. साक्षरता सुमारे 95 टक्के, म्हणजे प्रमुख धर्मसमाजांत सर्वाधिक. पण त्याच जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या वयोगटात दर हजार मुलग्यांमागे जैन मुली अवघ्या 889 आढळल्या. 2001 मध्ये हे प्रमाण 870 होते. म्हणजे सुधारणा झाली, तरीही देशाची सरासरी याहून अधिक आहे. पाणी गाळून पिणाऱ्या, मुंगीलाही जपणाऱ्या समाजात मुली कमी का? हे प्रमाण कोणत्या जिल्ह्यांत अधिक घसरले आहे? पहिल्या अपत्याच्या वेळी की दुसऱ्या? आईच्या शिक्षणाने त्यात फरक पडतो काय? प्रवचनांतून अहिंसेचा उपदेश होतोच; तो कोणत्या उंबरठ्याशी अडला, हे शोधण्यासाठी मात्र काळजीपूर्वक गोळा केलेली माहितीच हवी.

अशा अध्ययनाची सोय महाराष्ट्रातच आहे. पुण्याची गोखले अर्थशास्त्र संस्था 1930 मध्ये रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीतून उभी राहिली आणि तेथे धनंजयराव गाडगीळ यांच्या नेतृत्वाखाली पुणे शहराची आर्थिक-सामाजिक पाहणी झाली. मुंबईत 1936 पासून टाटा समाजविज्ञान संस्था आहे. देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेकडे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची धुरा राहिली आहे.

मुलाने सनदी लेखापाल व्हावे किंवा पेढी सांभाळावी, या दोन वाटा पालकांना परिचित आहेत. ही तिसरी वाट अनोळखी वाटली, तरी तिच्यासाठी लागणारी शिदोरी व्यापाऱ्याच्या घरात आधीच असते. टक्केवारी, सरासरी, पडताळा आणि आकड्याशी प्रामाणिकपणा ही मुले घरातच शिकतात. समाजाच्या न्यासांनी अशा अध्ययनासाठी दरवर्षी एक-दोन शिष्यवृत्त्या, विशेषतः मुलींसाठी, राखून ठेवल्या तर ते ज्ञानदानच ठरेल. मग न्यासाच्या वार्षिक सभेत ‘किती दिले’ या आकड्याच्या जोडीला ‘किती बदलले’ हा आकडाही वाचला जाईल, आणि पुढील जनगणनेत 889 च्या जागी कोणता आकडा दिसावा, याचा विचार समाज आधीपासून करू शकेल.