'डॉक्टर हू'चा जुना कारभारी पुन्हा गादीवर

बीबीसीची 'डॉक्टर हू' ही विज्ञानकथा मालिका 23 नोव्हेंबर 1963 रोजी सुरू झाली. तिच्या पहिल्या कथेचे दिग्दर्शक वारिस हुसेन हे जन्माने लखनौचे. 1989 मध्ये ती गुंडाळली गेली. 2005 मध्ये रसेल टी. डेव्हिस यांनी ती कार्डिफमधून नव्याने उभी केली, साठ भाग काढले आणि 1 जानेवारी 2010 च्या भागानंतर सूत्रं दुसऱ्यांच्या हाती दिली. पुढे सप्टेंबर 2021 मध्ये बीबीसीने जाहीर केलं की डेव्हिसच परत येणार. सोडलेल्या खुर्चीवर बारा वर्षांनी पुन्हा बसणं या धंद्यात फारसं घडत नाही. असं घडतं तेव्हा परतणाऱ्याच्या हातात काय येतं आणि काय येत नाही, हे या मालिकेत छान बघायला मिळतं.

आधी डेव्हिस यांचं हे 'शोरनर'चं पद काय असतं ते पाहू. आपल्याकडच्या मालिकांच्या श्रेयनामावलीत कथा, पटकथा, संवाद अशी तीन वेगळी नावं येतात, निर्माता चौथा, आणि शेवटचा शब्द बहुधा वाहिनीचा. शोरनरकडे यातलं बरंचसं एकवटलेलं असतं. तो मुख्य लेखक असतो आणि कार्यकारी निर्माताही. हंगामाचा आराखडा तो आखतो, कोणता भाग कोणाला लिहायला द्यायचा ते ठरवतो, आलेल्या संहितेवर हात फिरवतो, प्रमुख कलाकारांच्या निवडीत आणि संकलनात त्याचं म्हणणं चालतं. डेव्हिस यांच्या काळात 'टोन मीटिंग' हा प्रकार फार महत्त्वाचा होता. चित्रीकरणाआधी दिग्दर्शक, कलादिग्दर्शक, वेशभूषा, रंगभूषा, व्हीएफएक्स अशा सगळ्या खात्यांचे प्रमुख एकत्र बसून संहिता चाळतात. अमुक राक्षस मुलांना घाबरवणारा हवा की हसवणारा, याचा निकाल तिथे लागतो. तो लागला नाही तर मुखवटा एका सुरात बनतो आणि संगीत दुसऱ्या.

लेखनावर तारखांचीही सत्ता चालते. 2023 अखेर मालिकेचा नायक, म्हणजे नवा डॉक्टर, म्हणून आलेले शूटी गाट्वा चित्रीकरणाच्या सुरुवातीला 'सेक्स एज्युकेशन' या दुसऱ्या मालिकेत अडकलेले होते. मग नायकाशिवाय भाग कसा काढायचा? '73 यार्ड्स' हा 2024 चा भाग पाहा. वेल्सच्या एका कड्यावर डॉक्टरचा पाय दोऱ्या-चिठ्ठ्यांच्या एका वर्तुळावर पडतो आणि तो नाहीसाच होतो. त्याची सोबतीण रूबी एकटी उरते आणि एक बाई तिच्यापासून कायम 73 यार्डांवर, म्हणजे सुमारे 67 मीटरवर उभी दिसत राहते. रूबी म्हातारी होईपर्यंत. कलाकाराची तारीख मिळत नाही या रडगाण्यातून त्या हंगामातला सगळ्यात अंगावर येणारा भाग निघाला. ही युक्ती डेव्हिस यांच्याच जुन्या पोतडीतली. 2006-07 मध्ये तेरा भाग आणि वर नाताळचा विशेष भाग वेळेत बसेना, तेव्हाही डॉक्टर जेमतेम दिसेल असे भाग त्यांनी आखले होते. स्टीव्हन मॉफट यांनी लिहिलेला गाजलेला 'ब्लिंक' त्यातलाच.

खरी कसोटी मात्र कथेच्या वारशाची. डॉक्टर हा पोलिसांच्या निळ्या खोक्यासारख्या दिसणाऱ्या यानातून काळात फिरणारा परग्रहवासी. मरायला टेकला की त्याचं शरीर बदलतं आणि नवा नट येतो. 1966 मध्ये पहिले नट विल्यम हार्टनेल यांची प्रकृती साथ देईना, तेव्हा शोधलेली ही सोय आजवर मालिकेला तारते आहे. 2005 मध्ये डेव्हिस यांच्यापुढे सव्वीस हंगामांचा पसारा होता. त्यांनी एका घावात तो बाजूला केला: पडद्याआड एक महायुद्ध होऊन गेलं, डॉक्टरचा ग्रह गॅलिफ्रे नष्ट झाला, आता तो एकटाच उरला. नव्या प्रेक्षकाला मागचं काहीच ठाऊक असण्याची गरज उरली नाही.

2023 मध्ये हा मार्ग मोकळा नव्हता. मधल्या काळात डेव्हिस यांच्या खुर्चीवर आलेल्या मॉफट यांनी 2013 साली गॅलिफ्रे वाचवला होता. त्यांच्यानंतरच्या ख्रिस चिबनल यांनी तो पुन्हा उद्ध्वस्त केला, आणि 2020 मध्ये तर डॉक्टर मुळात त्या ग्रहाचा नाहीच, कुठूनतरी सापडलेलं पोर आहे, असं सांगून टाकलं. जुन्या चाहत्यांत यावरून कडाक्याची भांडणं झाली. परतलेला माणूस हे सगळं पुसेल, अशी आस लावून बरेच जण बसले होते.

डेव्हिस यांनी पुसलं नाही. नाताळ 2023 च्या 'द चर्च ऑन रूबी रोड'मध्ये त्यांनी चर्चच्या दारात सोडून दिलेली, दत्तक गेलेली रूबी आणली, आणि डॉक्टर तिला सांगतो की मीही दत्तकच. दुसऱ्याने पेरलेली वादग्रस्त गोष्ट एका मुलीच्या दुःखाला जोडली की ती माहितीकोशातली नोंद राहत नाही, दोन माणसांमधलं नातं होते. माझ्या मते डेव्हिस यांच्या पुनरागमनातलं हे सर्वांत कसबी काम.

स्वतःचं जुनं देणंही होतं. 2008 मध्ये त्यांनी डोना या सोबतिणीची स्मृती पुसली होती. आठवण परतली तर ती मरणार. मालिकेच्या साठाव्या वर्षाच्या, 2023 मधल्या तीन विशेष भागांपैकी पहिल्यात तिची आणि डॉक्टरची गाठ पडते, आठवण परतते आणि डोना वाचते, कारण तिच्यातली घातक शक्ती रोज नावाच्या तिच्या मुलीच्या वाट्याला अर्धी गेलेली असते. तिसऱ्या भागात त्यांनी मालिकेचा नियमच वाकवला. डोनाच्या वेळचा, डेव्हिड टेनंट यांचा डॉक्टर बदलण्याऐवजी दुभंगतो: एक गाट्वा, दुसरे टेनंटच. जुना नायक डोनाच्या घरी विसावतो, नवा ओझं टाकून निघतो. जुन्या प्रेक्षकांची समजूत घालून नव्याला मोकळं करायचा हा डाव चतुर खरा, पण निरोपाची धार त्याने बोथट झाली.

आता पैशाकडे वळू, कारण इथे जुना अनुभव फारसा कामाला येत नाही. पहिल्या पाळीत मालिका बीबीसी वेल्सच्या घरातच तयार होत होती. दुसऱ्या पाळीत निर्मिती कार्डिफच्या बॅड वुल्फ कंपनीकडे गेली; तिच्या संस्थापक जेन ट्रँटर आणि ज्युली गार्डनर, म्हणजे 2005 च्या पुनरुज्जीवनातल्याच दोघी. ऑक्टोबर 2022 मध्ये डिस्ने भागीदार झाली आणि ब्रिटन-आयर्लंडबाहेरचं प्रसारण डिस्ने प्लसकडे गेलं. मालिका देखणी झाली. पण हंगाम तेराऐवजी आठ भागांचा झाला, आणि आठ भागांत नवा नायक, नवी सोबतीण आणि लांबणारं रहस्य बसवताना दोन्ही हंगामांचे शेवट घाईचे झाले. शिवाय पुढचा हंगाम होणार की नाही हे लेखकाच्या टेबलावर ठरेनासं झालं. 2005 चा पहिला भाग ब्रिटनमध्ये सुमारे 1 कोटी 8 लाख लोकांनी पाहिला होता. 2023 चा पहिला विशेष भाग सुमारे 76 लाखांनी. त्यानंतरचे हंगाम चाळीस लाखांच्या आसपास किंवा त्याहून खाली राहिले. लोक टीव्ही बघतात तीच रीत मधल्या काळात बदलली, त्यामुळे सगळा दोष लेखणीवर टाकणं बरोबर नाही.

31 मे 2025 च्या भागात गाट्वा गेले आणि त्यांच्या जागी दिसला बिली पायपर यांचा चेहरा. 2005 मध्ये डॉक्टरची सोबतीण रोज (डोनाची मुलगी नव्हे) साकारणाऱ्या त्याच. श्रेयनामावलीत त्यांच्या नावापुढे 'डॉक्टर' असं लिहिलेलं नव्हतं. पुढे कोण येणार हे ठरलेलं नसताना दार किलकिलं ठेवायची ही सोय. ऑक्टोबर 2025 मध्ये डिस्नेची भागीदारी संपल्याचं जाहीर झालं. कराराचे 26 भाग पुरे झाले. त्याच वेळी बीबीसीने सांगितलं की 2026 च्या नाताळचा विशेष भाग होईल आणि तो डेव्हिस लिहितील.

ही मालिका कधीच पाहिली नसेल तर 2005 चा 'रोज' आणि 2023 चा 'द चर्च ऑन रूबी रोड' हे दोन भाग लागोपाठ बघा. दोन्हींत लंडनची एक साधी मुलगी डॉक्टरला पहिल्यांदा भेटते, आणि दोन्ही एकाच माणसाने लिहिले आहेत.