घरच्या सीएनसी राउटरची चूक ओळखताना

घरी बांधलेल्या सीएनसी राउटरमध्ये संगणक बोर्डाला जी-कोडच्या ओळी पाठवतो, बोर्ड त्यांचे विजेच्या स्पंदांत रूपांतर करतो आणि प्रत्येक स्पंदाला स्टेपर मोटार ठरावीक अंशाने सरकते. मोटार खरोखर सरकली की नाही, हे बोर्डाला कळण्याची सोय बहुतेक घरगुती यंत्रांत नसते. म्हणून पडद्यावरचे आकडे बिनचूक दिसत असतानाही फळीवरची नक्षी वाकडी उतरू शकते.

देव्हाऱ्याची नक्षी, दाराच्या फळ्या, दुकानांच्या कन्नड-मराठी पाट्या अशा कामांना हे यंत्र उपयोगी पडते. बीदर जिल्ह्यात सोलापूर-हैदराबाद महामार्गावर असलेल्या मन्नाएखेळ्ळीसारख्या गावातही सुटे भाग हैदराबादहून किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवता येतात. जुळवणी मात्र ज्याची त्यालाच करावी लागते. अशी यंत्रे खेड्यात हाताळण्याची मराठी मुलखातली जुनी जागा म्हणजे पुणे जिल्ह्यातील पाबळचा विज्ञान आश्रम. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये सुरू केलेल्या या संस्थेत अमेरिकेतील एमआयटीच्या सहकार्याने २००२ मध्ये फॅब लॅब, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांची कार्यशाळा, उभी राहिली.

घरगुती यंत्रांत सर्रास वापरले जाते ते जीआरबीएल हे मोफत सॉफ्टवेअर. नॉर्वेच्या सिमेन स्वाले स्कोग्सरूड यांनी ते २००९ मध्ये लिहिले. अर्डुइनो युनो या स्वस्त बोर्डावर ते चालते आणि सेकंदाला सुमारे ३०,००० स्पंद देऊ शकते. पडद्यावर त्याच्या स्वागताच्या ओळीऐवजी अगम्य खुणा उमटल्या, तर संवादाचा वेग १,१५,२०० वर ठेवलेला नाही असे समजावे. पोर्टच दिसत नसेल, तर स्वस्त बोर्डांवरच्या सीएच३४० या यूएसबी चिपचा ड्रायव्हर संगणकात नसण्याची शक्यता मोठी.

मोटार फिरण्याऐवजी जागच्या जागी थरथरत असेल, तर सॉफ्टवेअरला हात लावू नये. तिच्या चार तारांच्या जोड्या बहुधा चुकलेल्या असतात. मोटार तिला वीज पुरवणाऱ्या ड्रायव्हर चिपपासून सोडवून दोन तारा एकमेकींना टेकवाव्या आणि दांडा बोटांनी फिरवून पाहावा. तो जड लागला, तर त्या दोन तारा एकाच वेटोळ्याच्या. ही सोडजोड वीज बंद करूनच करावी, नाहीतर ड्रायव्हर जळू शकतो.

बहुतेक घोटाळा मापाचा असतो. साधी स्टेपर मोटार एका फेऱ्यात २०० पावले टाकते. ड्रायव्हरने प्रत्येक पावलाचे १६ भाग केले, की ३,२०० स्पंद होतात. एका फेऱ्यात ८ मिलिमीटर सरकवणारा स्क्रू असेल, तर एका मिलिमीटरला ४०० स्पंद. हाच आकडा एक्स अक्षासाठी $१०० या सेटिंगमध्ये भरायचा. वाय आणि झेडसाठी $१०१ व $१०२. १०० मिलिमीटर सांगितल्यावर यंत्र बरोबर ५० च सरकले, तर आकड्यांशी खेळण्याआधी ड्रायव्हर पाहावा: ए४९८८ च्या जागी डीआरव्ही८८२५ बसवला आणि जंपर तसेच राहिले, की १६ चे ३२ भाग होतात. ९८ मिलिमीटर सरकले, तर मात्र ४०० ला १०० ने गुणून ९८ ने भागावे, ४०८.१६ येतात. सगळे काम २५.४ पट लहान उतरले, तर फाईल इंचांत आहे आणि यंत्र मिलिमीटर धरून चालले आहे.

चुकीची जात ओळखली, की निम्मे काम होते. लांबीच्या प्रमाणात वाढणारी चूक स्पंदांच्या आकड्यात असते. दिशा बदलताना दर वेळी तेवढीच येणारी चूक स्क्रू आणि नटमधल्या ढिलाईची. मूळ जीआरबीएलमध्ये तिची भरपाई करणारी सोय नाही, नटच बदलावा लागतो. काम पुढे जाईल तशी नक्षी एकाच बाजूला घसरत गेली, तर मोटारीची पावले चुकत आहेत. तेव्हा $१२० पासूनची प्रवेगाची सेटिंग कमी करावी, मग ड्रायव्हरचा करंट तपासावा. एका वेळी एकच आकडा बदलावा. घाईत हे पथ्य पहिल्यांदा मोडले जाते.

अक्षाच्या टोकाला यंत्र थांबवणाऱ्या लिमिट स्विचचा त्रास वेगळा. काम चालू असताना मध्येच 'अलार्म १' येतो आणि यंत्र थांबते. बहुतेक वेळा स्विचला कोणी स्पर्शही केलेला नसतो. स्पिंडलच्या, म्हणजे कापणाऱ्या मोटारीच्या, तारेतून येणारा विद्युत गोंगाट स्विचच्या तारेत शिरतो. दोन्ही तारा दूर ठेवाव्यात, आवरणाची तार वापरावी, अर्थिंग नीट द्यावे. स्विच नेहमी जोडलेला आणि दाबल्यावर तुटणारा असेल, तर तार तुटल्याचेही लगेच कळते. अशा वेळी $५ ची किंमत १ ठेवावी लागते. जुन्या सीएनसी शील्डवर एक हमखास फसवणूक आहे: जीआरबीएलच्या ०.९ आवृत्तीपासून झेडचा स्विच आणि स्पिंडलचा पिन यांची अदलाबदल झाली, पण शील्डवरची छापील नावे जुनीच राहिली.

होमिंगनंतर, म्हणजे यंत्राने स्विच शोधून आपली मूळ जागा ठरवल्यावर, पडद्यावर उणे आकडे दिसतात, तो बिघाड नव्हे. यंत्राचे शून्य कोपऱ्यात असते. फळीवरचे शून्य वेगळे ठरवायचे असते.

ही सगळी सेटिंग बोर्डातच साठतात. बोर्ड बदलला, की ती त्याच्याबरोबर जातात; म्हणून $$ ही आज्ञा देऊन येणारी यादी आधीच उतरवून ठेवावी.