कुंचला एक, रोपं दोन
कॅक्टस फुलतो पण बी धरत नाही, तेव्हा दोष बहुधा हाताचा नसतो. ॲस्ट्रोफायटमसारख्या बऱ्याच जाती स्वतःचे परागकण नाकारतात. त्याच रोपाचं पिल्लू वेगळ्या कुंडीत लावलं तरी आनुवंशिकदृष्ट्या ते एकच. म्हणून बियांपासून वाढलेली दोन रोपं एकाच वेळी फुललेली हवीत. मग मऊ कुंचल्यावर आलेली पिवळी भुकटी दुसऱ्या फुलाच्या चिकट, फाकलेल्या कुक्षीवर टेकवायची. फ्रेलिया तर कळी न उघडताही बी धरतो, असं कुणी म्हणेल. खरंय, पण अपवादावर बाग चालत नाही. पिल्लं सहज रुजतात, मग ही खटपट कशाला? कारण पिल्लांत नवं काहीच येत नाही, मूळ रोपाचा नाजूकपणासुद्धा तसाच उतरतो. रसाळ फळ पिकलं की गर नीट धुऊन बी सावलीत कागदावर वाळवावं. गर राहिला तर बुरशी ठरलेलीच.